‘अजून पन्नास किलोमीटर जाईल’

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. अमरावतीला नणंदेच्या मुलीचा निकाह आटोपून आम्ही नाशिकला परतत होतो. गाडी माझे जेठ चालवत होते. घरात त्यांना आम्ही सगळेच भाईजान म्हणतो. त्यांच्या शेजारी माझे पती, मागच्या सीटवर अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई, मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी. डिकी पिशव्यांनी भरलेली. निघताना टाकी अर्धी होती. "वाटेत भरू," असे भाईजान म्हणाले आणि मगरीबची नमाज पढून आम्ही समृद्धी महामार्गाला लागलो.

वाटेत एक पंप आला. तिथे ट्रकांची रांग होती. "पुढचा घेऊ," म्हणून गाडी पुढे गेली. जालन्याच्या अलीकडे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मागच्या सीटवरून तो मला स्पष्ट दिसत होता. बोलावेसे वाटले, पण जेठांच्या गाडीत मागे बसून आपण सूचना करायची, हे जिवावर आले. माझ्या पतींनी तेवढे विचारले. भाईजान हसून म्हणाले, "अरे, दिवा लागल्यावरही अजून पन्नास किलोमीटर जाईल. माझी गाडी मला माहीत आहे. अल्लाह मालिक आहे."

तीस किलोमीटरही झाले नसतील. गाडीने दोन गचके खाल्ले, इंजिनाचा आवाज बसला आणि स्टिअरिंग एकदम जड झाले. भाईजानांनी दोन्ही हातांनी ओढून गाडी कशीबशी डाव्या कडेला आणली. बाहेर काळोख. ना वस्ती, ना चहाची टपरी, ना एखादा मोटारसायकलवाला. बाजूने ट्रक गेला की आमची गाडी हलायची आणि माझी मुलगी माझा दुपट्टा घट्ट धरायची. अम्मींना शुगर आहे, जेवणाची वेळ टळून चाललेली. गुडघे दुखत असल्याने त्यांना खाली उतरून कठडा ओलांडणेही अवघड होते. आम्ही पाऊण तास गाडीतच बसून राहिलो. तेच सर्वांत चुकीचे होते, हे नंतर समजले.

पुढे महामार्गाची गस्तीची गाडी आली. तिने मागे दिवे लावून आम्हाला आडोसा दिला, पेट्रोल मागवले गेले, आणि दोन-अडीच तासांनी आम्ही पुन्हा निघालो. कुणाला काही झाले नाही. पण त्या रात्रीनंतर मी या विषयावर बरेच विचारून घेतले, वाचले, आमच्या गॅरेजवाल्या चाचांचे डोके खाल्ले. जे कळले ते आपल्या घराघरांत उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

खरा धोका कुठला?

पेट्रोल कमी असताना गाडी चालवू नये, हे आपण ऐकलेले असते. कारण विचारले तर लोक सांगतात, पंप जळतो, कचरा इंजिनात जातो. त्यात तथ्य आहे, त्याकडे पुढे येऊच. पण तो खर्चाचा प्रश्न झाला. जिवाचा प्रश्न वेगळा आहे. टाकी संपली की गाडी कुठे थांबणार हे आपल्या हातात राहत नाही. ती वळणावर थांबेल, बोगद्यात थांबेल, पुलावर थांबेल किंवा भरधाव वाहनांच्या मधल्या लेनमध्ये थांबेल.

समृद्धीसारख्या रस्त्यावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे 33 मीटर अंतर तोडते. समोर उभे असलेले वाहन चालते आहे की थांबलेले, हे रात्री लांबून चटकन ओळखता येत नाही. ओळखेपर्यंत दोन-तीन सेकंद गेले, तर तेवढ्यात शंभर मीटर संपलेले असतात.

15 ऑक्टोबर 2023 ची मध्यरात्र अनेकांना आठवत असेल. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची मिनीबस वैजापूरजवळ याच महामार्गावर पुढे थांबलेल्या ट्रकवर मागून आदळली आणि 12 जण दगावले. त्या ट्रकचे डिझेल संपले नव्हते. तो दुसऱ्या कारणाने थांबला होता. पण मागून येणाऱ्याला कारणाशी काय देणेघेणे? वेगवान रस्त्यावर उभे असलेले वाहन म्हणजे भिंत असते. पेट्रोल संपवून आपण आपल्याच गाडीची अशी भिंत करतो, आणि त्या भिंतीच्या आत आपली मुले बसलेली असतात.

जुन्या रस्त्यावर निदान माणसे भेटत. रिक्षावाला थांबायचा, कुणी मोटारसायकलवर बसवून पंपावर न्यायचा. समृद्धीवर दुचाकी आणि रिक्षांना परवानगी नाही, आणि बाहेर पडायचे मार्ग ठरावीक ठिकाणीच आहेत. नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि जून 2025 मध्ये संपूर्ण 701 किलोमीटरचा रस्ता खुला झाला. विदर्भ-मराठवाड्यातल्या आपल्या कितीतरी घरांसाठी मुंबई-नाशिक जवळ आले. पण रस्ता बदलला तशी सवय बदलायला हवी. "पुढे कुठेतरी मिळेल" हा हिशेब गावागावांतून जाणाऱ्या रस्त्याचा होता.

इंजिन बंद पडले की काय काय जाते?

पेट्रोल संपले म्हणजे गाडी फक्त हळू हळू थांबते, असे मला वाटायचे. तसे नाही. आजच्या गाडीत स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींना मदतीची ताकद मिळत असते. इंजिन बंद पडले की बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग जड होते. ब्रेकमध्ये साठलेली मदत एक-दोनदा पाय दाबेपर्यंत पुरते. त्यानंतर पेडल दगडासारखे होते. ब्रेक लागत नाही असे नाही, पण जोर फार लावावा लागतो.

म्हणून अशा वेळी ब्रेक वारंवार दाबून सोडू नये. एकदाच, सावकाश आणि दाबून धरावा. चारही इंडिकेटर लावावेत. गाडीत वेग शिल्लक असेपर्यंतच डावी कड गाठावी. आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नये. चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते आणि मग गाडी वळतच नाही. घाबरलेल्या माणसाचा हात पहिल्यांदा चावीकडेच जातो, म्हणून हे आधीच माहीत असलेले बरे.

घाटातली बचत

आपल्याकडे कसारा, खंबाटकी, कशेडी असे घाट रोजच्या वाटेवर आहेत. घाटात दोन गोष्टी होतात. चढावर इंजिनाला जोर लागतो, पेट्रोल भराभर जाते. आणि गाडी तिरकी झाल्याने टाकीतले उरलेसुरले पेट्रोल एका बाजूला सरकते. सपाटीवर जे तीन-चार लिटर पंपाला मिळाले असते, ते चढावर किंवा लांबच्या वळणावर त्याच्यापासून दूर जाऊ शकते. टाकीत पेट्रोल असूनही गाडी गचके खाते ती यामुळे.

दुसरी गोष्ट जास्त भीतीची. काटा खाली आला की काही चालक उतारावर गाडी न्यूट्रल करतात, कुणी तर इंजिनच बंद करतात. "तेवढेच पेट्रोल वाचते." वर सांगितले तसे इंजिन बंद म्हणजे ब्रेकची मदत बंद. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अटकाव राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पकड सोडतात. शिवाय यात बचतही नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत उतारावर गियर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनाला होणारा पेट्रोलचा पुरवठा बहुतेक वेळ आपोआप थांबतो. चाकेच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडे थोडे पेट्रोल लागतच राहते. म्हणजे जीव धोक्यात घालून जे वाचवायला गेलो, तेही वाचत नाही.

स्कूटरच्या काळातला हिशेब

ही सवय आली कुठून, याचा विचार केला तेव्हा मला माझ्या अब्बांची स्कूटर आठवली. पेट्रोल संपले की ते खाली वाकून खटका ‘रिझर्व्ह’वर फिरवायचे. तेही संपले की स्कूटर एका बाजूला आडवी करायचे, तळातले चमचाभर पेट्रोल नळीकडे यायचे आणि आम्ही पंपापर्यंत पोहोचायचो. त्या स्कूटरच्या टाकीत पंप नव्हता. पेट्रोल वरून खाली आपल्या वजनाने उतरायचे. शेवटच्या थेंबापर्यंत चालवले तरी बिघडण्यासारखे काही नव्हते, आणि बंद पडलीच तर ढकलत नेता यायची.

भाईजानही त्याच स्कूटरवर शिकलेले. आपल्यापैकी बहुतेक घरांत आधी दुचाकी आली, मग चारचाकी. गाडी बदलली, पण ‘रिझर्व्ह’चा भरवसा तसाच राहिला. मोटारीत रिझर्व्ह नावाची वेगळी टाकी नसते. दिवा लागतो तेव्हा साधारणपणे टाकीच्या एक-दशांशाच्या आसपास पेट्रोल उरलेले असते, तेही गाडीगणिक कमीजास्त. तो दिवा ‘आता भरा’ असे सांगतो. ‘अजून एवढे जा’ असे सांगत नाही.

भाईजानांचे ‘पन्नास किलोमीटर’ खोटे नव्हते. नाशिक शहरात एकट्याने, चाळीस-पन्नासच्या वेगाने त्यांनी ते अनेकदा करून पाहिले होते. पण त्या रात्री गाडीत पाच माणसे, सामान आणि वेग शंभराच्या वर. वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे 60 वरून 120 वर गेलो की विरोध दुप्पट नव्हे, जवळपास चौपट होतो. तोच लिटर महामार्गावर कितीतरी लवकर संपतो.

ज्या गाड्यांत ‘इतके किलोमीटर शिल्लक’ असा आकडा दिसतो, त्यांचाही हा अंदाजच असतो. गेल्या काही किलोमीटरांत गाडी जशी चालली, त्यावरून तो काढलेला असतो. पुढे घाट आहे की वाहतूक कोंडी, हे त्याला ठाऊक नसते. शिवाय आता पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे एका लिटरमागचे किलोमीटर काहीसे घटतात. पाच वर्षांपूर्वीचा पाठ केलेला आकडा आज तसाच धरू नये.

गाडीचे काय नुकसान होते?

त्या प्रवासानंतर महिनाभराने आमची गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागली. गॅरेजवाल्या चाचांनी तपासून सांगितले, पेट्रोलचा पंप गेला. मी म्हटले, "त्या रात्रीमुळे ना?" ते म्हणाले, "बेटा, एका रात्रीत नाही जात. रोज काटा तळाला ठेवून फिरवता ना, त्याने गेला."

पंप टाकीच्या आत बसवलेला असतो. तो विजेवर चालतो आणि चालताना तापतो. त्याच्या आतून आणि आजूबाजूने वाहणारे पेट्रोलच त्याला थंड ठेवते आणि त्याचे वंगणही तेच. पेट्रोल तळाला गेले की वळणावर, खड्ड्यात पंपाच्या तोंडाशी हवा येते. हवा ओढत तो काही क्षण कोरडाच फिरतो. असे वर्षानुवर्षे झाले की आयुष्य घटते. आमचे बिल काही हजारांत गेले. तेवढ्यात कितीदा तरी टाकी भरली असती.

कचऱ्याची गोष्ट अर्धी खरी आहे. पंप नेहमी तळातूनच पेट्रोल ओढतो, टाकी भरलेली असली तरी. पण पेट्रोल फार कमी असले की तळाची घाण आणि पाणी उरलेल्या पेट्रोलात जास्त प्रमाणात येते आणि फिल्टरवर भार पडतो. जुन्या गाडीत हे जास्त जाणवते. आणि गचके खात चालणाऱ्या इंजिनातून न जळलेले पेट्रोल बाहेर पडले, तर धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होऊ शकते. तो भाग पंपापेक्षाही महाग.

डिझेल गाडीचे दुखणे मोठे. डिझेल पूर्ण संपले की नळ्यांत हवा शिरते. मग नुसते डिझेल ओतून गाडी सुरू होईलच असे नाही; हवा काढावी लागते. जुन्या जीपगाड्यांत फिल्टरजवळचा हातपंप दाबून चालक हे स्वतः करायचे. नव्या गाड्यांतला जास्त दाबाचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, त्याला कोरडे फिरणे अजिबात सोसत नाही.

सीएनजीच्या गाडीत लोक पेट्रोलची टाकी विसरूनच जातात. बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. गॅस संपला आणि पुढच्या पंपावर रांग असली, तर हेच पेट्रोल कामाला येते. बाहेरून किट बसवलेल्या काही गाड्यांत तर गॅसवर चालतानाही पेट्रोलचा पंप फिरत राहतो. टाकी कोरडी असेल तर तो जळतो. म्हणून गॅसच्या गाडीतही निदान पाव टाकी पेट्रोल असू द्यावे आणि अधूनमधून थोडे अंतर त्यावर चालवावे.

काही गैरसमज

"उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरू नका, स्फोट होतो," असा निरोप दरवर्षी एप्रिल-मेमध्ये मोबाइलवर फिरतो. आमच्या घरच्या ग्रुपवरही आला होता. इंडियन ऑइलने याचा जाहीर खुलासा केला आहे: गाडी बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत पेट्रोल भरणे उन्हाळा-हिवाळा दोन्हींत सुरक्षित आहे. फक्त नोझल आपोआप बंद झाल्यावर "राउंड फिगर करा" म्हणून आणखी ओतायला लावू नये. वाफेसाठी ठेवलेली जागा त्याने भरते.

"टाकी भरली की वजन वाढते, मायलेज पडते." पेट्रोलचे वजन लिटरला साधारण पाऊण किलो. वीस लिटर जास्त भरले तरी पंधरा किलो झाले. डिकीत महिनोन्महिने पडलेल्या सामानाचे वजन याहून जास्त असते.

"थोडे थोडे भरले की खर्च कमी होतो." दोनशे-तीनशेचे पेट्रोल भरण्यामागे महिन्याचा हिशेब असतो, हे मला मान्य आहे. आमच्याकडेही वीस तारखेनंतर तसेच चालायचे. पण गाडी जेवढी चालते तेवढेच पेट्रोल जाते. पाचदा भरा की एकदा. फरक इतकाच की एकदाच जरा मोठी रक्कम घालून काटा वर आणावा लागतो. त्यानंतर संपले तेवढेच भरायचे. पाव टाकीला शून्य मानून चालले की महिन्याचा खर्च तोच राहतो आणि तळाला कायम आधार असतो. उलट, काटा अगदी तळाला गेला की पंप निवडायची सोय राहत नाही. समोर येईल तिथे भरावे लागते.

बाटलीतले पेट्रोल

यावर उपाय म्हणून कुणी डिकीत पेट्रोलची बाटली ठेवतो. हे कधीही करू नये. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात बंद गाडीत पेट्रोलची वाफ साठते आणि एका ठिणगीचे निमित्त पुरते. पंपावरही साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल देत नाहीत, ते याच कारणाने.

दुसऱ्याच्या गाडीतून नळीने तोंडाने पेट्रोल ओढणे हा प्रकार अजूनही चालतो. घोट चुकून श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला गंभीर इजा होते. आणि घरात शीतपेयाच्या बाटलीत पेट्रोल किंवा रॉकेल ठेवले असेल, तर आजच काढा. लहान मूल सरबत समजून ते पिते. असे झालेच तर त्याला उलटी करायला लावू नका. उलटीतून तेच पेट्रोल फुप्फुसात जाते. तसेच दवाखान्यात न्या.

थांबावेच लागले तर

सगळी काळजी घेऊनही गाडी बंद पडू शकते. तेव्हा हे लक्षात ठेवा. आम्हाला त्या रात्री यातले एकही माहीत नव्हते.

गाडी शक्य तितकी डावीकडे घ्या. चारही इंडिकेटर आणि आतला दिवा लावा. सगळ्यांनी डाव्या दारांनी उतरा, वाहतुकीच्या बाजूने नाही. कठडा असेल तर त्याच्या पलीकडे जाऊन गाडीपासून थोडे मागे, म्हणजे येणाऱ्या वाहनांच्या दिशेला उभे राहा. मागून धडक बसलीच तर गाडी पुढे फेकली जाते, म्हणून गाडीच्या पुढे उभे राहू नये. वृद्ध माणसाला कठडा ओलांडता येत नसेल, तर निदान गाडीतून उतरवून कडेला, रस्त्यापासून जमेल तितके लांब न्या. गाडीत बसून राहणे सुरक्षित वाटते, पण ते तसे नाही.

गाडीबरोबर लाल परावर्तक त्रिकोण मिळतो. तो निम्म्या घरांत प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर निघालेला नसतो. तो गाडीच्या मागे निदान पन्नास मीटरवर ठेवावा. वेगवान रस्त्यावर शंभर मीटरवर. ठेवायला जाताना कठड्याच्या बाहेरून चालावे. शंभर मीटर म्हणजे सव्वाशे-दीडशे पावले.

फोन लावा. आणीबाणीसाठी देशभर 112, राष्ट्रीय महामार्गांवर 1033. इतर महामार्गांचे मदत क्रमांक टोलनाक्यावर आणि रस्त्याकडेच्या फलकांवर असतात. शिरतानाच एकाने फोनमध्ये टिपून घ्यावा. किलोमीटरचा दगड किंवा फलक पाहून ठेवला की "कुठे आहात?" याला उत्तर देता येते. आम्हाला ते देता आले नाही, त्यातच वीस मिनिटे गेली.

घराचा नियम

प्रवास म्हणजे फक्त रोजचा रस्ता नव्हे. जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांच्या आंदोलनामुळे टँकर अडले आणि आपल्याकडे पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. जुलै 2021 मध्ये चिपळूण-महाडला पूर आला, तेव्हा रस्ते बंद होऊन लोकांना लांबच्या वाटेने जावे लागले. रात्री-अपरात्री घरात कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ येते. लहान गावांतले बरेच पंप तेव्हा बंद असतात. रमजानमध्ये इफ्तारची घाई असते, पंप दिसतो आणि आपण म्हणतो, "इफ्तारनंतर भरू." अशा प्रत्येक वेळी टाकीत आधीच असलेले पेट्रोलच उपयोगी पडते.

म्हणून आमच्या घरात आता तीन गोष्टी ठरल्या आहेत. गावात असताना पाव टाकीच्या खाली काटा जाऊ द्यायचा नाही. लांबच्या प्रवासाला टाकी भरूनच निघायचे आणि अर्धी झाली की पुढे येईल त्या पंपावर थांबायचे, रांग असली तरी. तेवढ्यात अम्मींचे पाय मोकळे होतात, मुलांचे पाणी पिणे होते. गाडीत हजार रुपये रोख वेगळे ठेवायचे, कारण नेटवर्क नसले की मोबाइलवरून पैसे जात नाहीत.

तिसऱ्यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट मात्र आम्ही ठरवली नाही, ती अम्मींनी ठरवली. त्या रात्री दीड वाजता घरी पोहोचल्यावर भाईजान मान खाली घालून त्यांच्या पायांशी बसले होते. अम्मी म्हणाल्या, "अल्लाह मालिक आहेच, बेटा. पण उंट बांधायचं काम त्याने तुझ्याकडे दिलं होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू? तुला दिवा दिसला होता ना? मग गप्प का बसलीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. गाडी चालवणाऱ्याचा मान राखायचा म्हणून मागे बसलेल्या चार जणांनी तोंड मिटून बसायचे, यात कुणाचाच मान राहत नाही. अम्मींनी त्याच रात्री सांगून टाकले: गाडीत बसलेल्या कुणालाही, लहान असो की मोठा, काट्याबद्दल विचारायचा हक्क आहे आणि चालवणाऱ्याने त्याचा राग मानायचा नाही.

परवा भाईजान आम्हाला मालेगावला घेऊन निघाले. ते सीटवर बसून पट्टा लावतात न लावतात, तोच माझी मुलगी मागून पुढे वाकली.

"बडे अब्बू, काटा कुठे आहे?"

भाईजान काही बोलले नाहीत. त्यांनी चावी फिरवली, काटा वर जाऊन स्थिर होईपर्यंत थांबले आणि तिला दिसावे म्हणून जरा बाजूला सरकले.

"भरलेली आहे," ती म्हणाली. मग आम्ही निघालो.